जोंधळे निवडण्याचे दिवस

काष्टीच्या आमच्या घराला आता फरशी आहे. परवा नातवाच्या मुलाच्या बारशाला गेले होते. चपला बाहेर काढून आत पाऊल टाकलं आणि तळव्याला काही तरी चुकल्यासारखं वाटलं. फरशी स्वच्छ होती, गार होती, नुकतीच कोणी तरी पुसलेली. पण मातीची जमीन पायाखाली आधी किंचित नमते आणि मग पाय धरते, तसं हिचं नव्हतं. मी उंबऱ्याशी थोडी थांबले. सुनेला वाटलं, मला चक्कर आली. तिनं हात धरून खुर्चीत बसवलं, पंखा लावला, पाणी आणून दिलं. पाणी पिता पिता मी खोली बघत राहिले. चूल होती तिथे शिलाईचं मशीन आलं आहे. जात्याच्या जागी पत्र्याची कोठी आहे. पोरं पाळण्याला फुगे बांधत होती, बायका घुगऱ्या वाटत होत्या, आणि माझ्या नाकात मात्र ओल्या शेणामातीचा वास येत होता. त्या घरातून तो वास जाऊनसुद्धा वीस वर्षं झाली.

त्या खोलीत मी पहिल्यांदा आले तेव्हा सोळा वर्षांची होते. एक्केचाळीस सालचा फाल्गुन. माझे वडील नगरला प्राथमिक शाळेत मास्तर. आई लहानपणीच गेलेली, घरचं सगळं आत्या करायची आणि मी पुस्तक घेऊन खिडकीत बसायची. सातवीपर्यंत शिकले, पण भाकरी थापता येत नव्हती. लग्न झालं ते लष्करातल्या माणसाशी. नवऱ्याचं नाव आमच्या काळी घेत नसत. आता घ्यायला कोणाची हरकत नाही, पण जिभेला सवय नाही, म्हणून इथेही 'हे'च म्हणते. ह्यांना तीन आठवड्यांची रजा होती. त्यातली निम्मी लग्नात आणि देवदर्शनात गेली. उरलेल्या दिवसांत आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. मग एका सकाळी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैलगाडी जुंपली आणि ह्यांना स्टेशनावर सोडून आले.

घरात राहिलो आम्ही तिघं. मामंजी, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. जाऊबाईंचे यजमानही. बाई तेव्हा तीस-बत्तीसच्या असतील, पण मला फार मोठ्या वाटायच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळ मोकळं, पदरी मूलबाळ नाही. त्या मला 'धाकटे' म्हणायच्या आणि मी त्यांना 'बाई'.

घर धाब्याचं. वर लाकडाच्या तुळयांवर पांढऱ्या मातीचं जाड छत, त्यामुळे चैत्र-वैशाखातही आत गार आणि जरासा अंधार. त्या अंधारात पहाटे पहिला आवाज व्हायचा तो बाईंच्या केरसुणीचा. सर्र, सर्र, मध्ये थोडं थांबून पुन्हा सर्र. मग चुलीतली कालची राख ओढल्याचा आवाज. ती राख एका गाडग्यात जायची, भांडी घासायला. मग तुराट्या मोडल्याचा कडकड आवाज, आणि थोड्या वेळानं धूर. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं, बाई आता कुठे आहेत आणि काय करताहेत. एवढं सगळं करताना त्या बोलत नसत. गातही नसत. खाली ठेवलेल्या भांड्याचा आवाज होत नसे. हंडा ठेवायच्या आधी त्या जागेकडे बघायच्या, मगच ठेवायच्या.

मी नेमकी उलट होते. भाकरी तव्यावर टाकून दाराशी जायची आणि करपल्याचा वास आला की धावत यायची. पाणी ओढताना पोहरा कठड्यावर आपटायची. कंदिलाची काच पुसताना दोन काचा फोडल्या, आणि लढाईमुळे काच मिळेनाशी झाली होती. बाई रागावल्या नाहीत. तिसरी काच येईपर्यंत आम्ही चिमणीवर काढलं. माझी सुटका एकाच कामात होती. ह्यांचं पत्र आलं की ते मी वाचायची. मामंजी ओसरीवर खांबाला टेकून बसायचे, बाई आतल्या दाराच्या चौकटीत. पत्रात मधल्या ओळींवर काळी शाई फासलेली असायची. तिथे आलं की मी थांबायची आणि मामंजी म्हणायचे, ऱ्हाऊ दे, फुडं वाच. हे वाळूबद्दल लिहायचे. इथं पाऊस कसा आहे विचारायचे. शेवटी 'घरी सर्वांना नमस्कार' असायचं. त्या 'सर्वांना'मध्ये मी आहे, असं धरून मी पत्र घडी करून ठेवायची.

बेचाळीसच्या उन्हाळ्यानंतर पत्रं थांबली. श्रावणात एक सरकारी कागद आला. तो इंग्रजीत होता, म्हणून मामंजी शाळेच्या मास्तरांना घरी घेऊन आले. मास्तरांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, बेपत्ता लिहिलंय. मेला असं नाही. सापडत नाही, असं. मामंजींनी कागद हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला, टोपीत ठेवला आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले.

मला रडू आलं नाही. मला नुसतं एका जागी बसता येईना. दुपारच्या गाडीची शिट्टी झाली की मी हातातलं काम टाकून मळ्याच्या बांधाशी जायची. तिथून रूळ दिसत. गाडी यायची, धूर मागे पडायचा, रिकामं रान दिसायचं, आणि मी परत यायची. चुलीवरचं दूध उतू जाऊन निखारे विझलेले असायचे. पिठात मीठ दोनदा पडायचं, नाही तर पडायचंच नाही. एकदा तवा पदराशिवाय धरला आणि हाताच्या चारही बोटांना फोड आले. विहिरीवर बायका माझ्या कपाळाकडे बघायच्या. एकीनं सरळच विचारलं, की कुंकू अजून कसं? मी पोहरा विहिरीत सोडला. बाई शेजारी हंडा भरत होत्या. हंडा भरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. भरल्यावर म्हणाल्या, "कागदात गेला म्हनून लिवलेलं न्हाई. मंग कुंकू ऱ्हाईल." त्या स्वतः मोकळ्या कपाळाच्या, म्हणून असेल, पुढे कोणी विचारलं नाही.

भाद्रपदात माझे वडील मला न्यायला आले. नगरच्या किल्ल्यात मोठी मोठी माणसं आणून ठेवलीत, हे मामंजींना सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली गेला होता. मग त्यांनी माझा भाजलेला हात पाहिला आणि आवाज आणखी खाली गेला. पोरीला काही दिवस माहेरी राहू दे, पुढचं पुढे बघू, असं ते म्हणाले. पुढचं म्हणजे काय, ते कोणी उलगडून बोललं नाही. मामंजी म्हणाले, पोरीच्या मनावर हाय. मी होकार दिला. गाठोडं बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघायचं ठरलं.

त्या दिवशी सकाळीच बाईंनी शेण, पांढरी माती आणि पाणी कालवून घमेलं माझ्यापुढे ठेवलं. चुलीपासून जात्यापर्यंतचा कोपरा दाखवला. "जायचंच हाय तर एवढं सारवून जा," म्हणाल्या.

भाजलेला हात बरा होत आला होता, पण कातडी नाजूक होती. त्या नव्या कातडीला तो गार काला लागला आणि अंगातून शिरशिरी गेली. मी भराभर हात फिरवायला लागले. बाई जवळ येऊन उकिडव्या बसल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि थांबवलं.

"हाताकडं बघ," म्हणाल्या. "गाडीचा इचार यील. यिऊ दे. त्येला हाकलू नको न् त्येच्यामागं बी जाऊ नको. तू हाताकडं बघ."

त्यांनी एक फटका मारून दाखवला. फटका म्हणजे सारवताना हाताचा एक अर्धगोल. मधली तीन बोटं जमिनीला समान टेकलेली, अंगठा सुटा, हात खांद्यापासून फिरतो, मनगटातून नाही. मागे मोरपिसासारखी नक्षी उमटते. पुढचा फटका आधीच्याच्या कडेला नुसता शिवेल असा यायला हवा. वर चढला तर गाठ दिसते, दूर राहिला तर जुनी जमीन उघडी पडते. मी पहिला मारला, वाकडा आला. दुसरा, तोही. पाचव्या-सहाव्याला गाडीचा विचार आला, खरोखरच आला, आणि हात चालू राहिला. विचार जरा वेळ उभा राहिला आणि गेला. मग पुन्हा आला. मी अर्ध्यावर होते तेव्हा बाई हळू आवाजात, माझ्याकडे न बघता बोलल्या. त्यांचं स्वतःबद्दलचं एवढं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांचे यजमान गेले तेव्हा त्यांना घरातलं काहीच सुधरेना. त्या फक्त देवाजवळचा एक कोनाडा रोज सारवायच्या. तोच एक. तीन महिने. सासूबाईंनी त्यांना दुसरं काम सांगितलं नाही की का म्हणून विचारलं नाही. कोनाड्यावर मातीचे इतके थर चढले की देवाचा करंडा आत जाईना.

"मंग?" मी विचारलं.

"मंग शेजारचा सारवला."

वडील गाठोडं घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मी कोपऱ्याच्या शेवटच्या हातभर जमिनीवर होते. जमीन सगळी ओली, आणि मी आत अडकलेली. मी म्हटलं, बाबा, हे वाळलं की येते. ते बाहेर ओसरीवर बसले. जमीन वाळेपर्यंत गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पुढचा कोपरा दिला. वडील आणखी एक दिवस थांबले, मी सारवत असताना दारातून बघत राहिले. जाताना त्यांनी बाईंना हात जोडले. बाईंना ते एवढं अवघड झालं की त्या आत जाऊन उगाच मडकी हलवत बसल्या.

पुढची वर्षं मला तारखांनी आठवत नाहीत, कामांनी आठवतात. पौषात हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर फडकं अंथरायचं, दवातली आंब त्यात उतरायची, आणि पिळताना बोटांच्या चिरांना झोंबायची. माघात जोंधळा खळ्यावर आला की घरभर भुसाचा गोडसर वास आणि मानेला खाज. चैत्रात कुरडयांसाठी गहू भिजायचे. तीन दिवस पाणी बदलायचं, आणि तिसऱ्या दिवशीचा तो आंबूस वास मला अजूनही कुठे आला तर मी वळून बघते. वैशाखात जमिनीखालचं पेव उघडायचं. पेव म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, आत कडबा लावलेला. तोंडावरची माती काढली की आतून कोंदट, उबदार वाफ यायची. बाई आधी कंदील सोडून बघायच्या, आतली हवा बरी आहे का, आणि मगच मामंजी उतरायचे. दुपारी गोधडी. बाईंचे टाके जोंधळ्याच्या दाण्याएवढे, माझे आधी हरभऱ्याएवढे, मग तुरीएवढे, मग तिसऱ्या वर्षी त्यांच्या टाक्यांत माझे ओळखू येईनात. कापड मिळत नव्हतं म्हणून ह्यांचा जुना सदरा एका गोधडीत गेला. तो कापायचा की नाही, हे बाईंनी मला ठरवू दिलं. मी कापला.

कंदिलाची काच आता माझ्याकडेच होती. राखेची चिमूट, मऊ फडकं, आत तोंडानं सोडलेली वाफ. काचेतून पलीकडे नजर टाकली की काच फुटते. काचेकडेच बघितलं की टिकते. एवढंच शिकायला मला वर्ष लागलं.

एका दुपारी मी शेंगा फोडत होते. टोपलीभर शेंगा, मांडीशी टरफलांचा ढीग. बोटांना लय लागली होती. ढीग संपत आला तेव्हा सहज अंगणात बघितलं तर कडुलिंबाची सावली भिंतीला टेकली होती. म्हणजे गाडी कधीच येऊन गेली होती. शिट्टी झाली असणार आणि मला ती ऐकू आली नव्हती.

त्या दिवशी मी रडले. कागद आल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, मी ह्यांना टाकलं. ज्या माणसाची वाट बघायची त्याची गाडी मला ऐकू येत नाही, म्हणजे मी कसली बायको. हुंदके देत देत हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी समजूत घातली नाही. माझ्या मांडीवरची टरफलं झटकली, पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "रडून घे. मंग भांडी घासू." मी रडून घेतलं. मग आम्ही भांडी घासली. राखेनं, नारळाच्या काथ्यानं, आधी पितळ, मग लोखंड. तांब्याच्या घागरीवर चिंच फिरवली तेव्हा तो लालसर उजेड माझ्या हातांवर पडला, आणि मला वाटलं, हे माझे हात आहेत. इथं आहेत. ते कुठेही गेले नाहीत.

त्यानंतर महिना-दोन महिन्यांतच छापील कार्ड आलं. हे जिवंत होते, समुद्रापलीकडे कैदेत होते. मामंजींनी गावात पेढे वाटले. मी कार्ड वाचून झाल्यावर तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली नव्हती.

लढाई संपली त्या वर्षी, श्रावणाच्या शेवटी हे परत आले. मी बांधावर गेले नव्हते, चुलीपाशी होते. अंगणात मामंजींचा रडण्याचा आवाज ऐकून बाहेर आले. एक उंच, वाळलेला माणूस उभा होता, खांद्याला पिशवी. ओळख पटायला मला क्षण लागला, आणि त्यांनाही. बाईंनी भाकर-तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. त्या पाण्याकडे हे बघत राहिले, जणू पाय दुसऱ्याचे आहेत.

घरात आनंद होता, आणि त्या आनंदात सगळे जपून चालत होते. झाकण पडलं की हे ताडकन उभे राहायचे. जेवण इतकं भरभर जेवायचे की आम्हाला वाढता यायचं नाही. अंथरूण झटकताना उशीखाली मला वाळलेल्या भाकरीचे तुकडे सापडायचे. मी ते परत तिथेच ठेवायची. एका जागी बसायचे नाहीत. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचे, वळायचे, चालायचे. मला ती चाल ठाऊक होती. मीही तशीच बांधापर्यंत जात होते. पण ते सांगायचं कसं, मला कळेना. मी काही विचारू लागले की ते ऐकू न आल्यासारखे बघायचे. माणसं लढाईच्या गोष्टी ऐकायला यायची, बसायची, चहा घ्यायची आणि तशीच जायची.

मामंजींना वाटलं, रानात नेलं की पोरगा ताळ्यावर येईल. रब्बीच्या पेरणीला त्यांनी ह्यांच्या हाती तिफण दिली. दोन तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, सरळ आले. तिसऱ्या तासाच्या मध्यावर ह्यांनी दोऱ्या सोडल्या आणि बांधावर जाऊन डोकं गुडघ्यांत घालून बसले. बैल तिफण घेऊन आपले आपण पुढे चालत राहिले. शेजारच्या रानातल्या माणसांनी पाहिलं. मामंजींनी धावत जाऊन बैल धरले. त्या दिवसापासून ते ह्यांच्याशी बोलेनासे झाले. रागानं नाही, असं आता वाटतं. काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि तसं कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

मार्गशीर्षात एका सकाळी मी ओसरीवर जोंधळे निवडत बसले होते. खळ्यावर मळलेल्या जोंधळ्यात मातीचे खडे येतातच, रंगानं दाण्यासारखेच, बोटांनाच काय ते कळतात. हे अंगणात चालत होते. बाई आतून आल्या, दुसऱ्या सुपात दोन ओंजळी जोंधळे घेतले, आणि सूप ओसरीच्या कडेला ठेवून परत आत गेल्या. हे तीन-चार वेळा त्या सुपावरून गेले. मग थांबले. मग बसले. बराच वेळ नुसते बघत होते. मग एक खडा उचलून त्यांनी कडेला ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून बसले. तिसऱ्याही. दोघं शेजारी बसायचो, मध्ये हातभर अंतर. सुपाचा खसखस आवाज, खडा फेकल्याचा बारीक टक्, कुठे तरी होल्याचं घुमणं. पंधरा-वीस दिवसांत मला जाणवलं, की त्यांचा श्वास सावकाश चालला आहे. कधी मधेच हात थांबायचा, नजर दूर जायची. मी आपलं निवडत राहायची. माझ्या बोटांचा आवाज ऐकून त्यांची बोटं परत चालू लागायची.

मग एक दिवस मामंजींच्या ओळखीचे एक गृहस्थ तंबाखू खायला ओसरीवर आले. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसून म्हणाले, सरकारनं शिपायाला चांगलं काम शिकवून धाडलंय. मामंजीही कसनुसं हसले. पाहुणे गेले. मामंजी परत आले ते सरळ ह्यांच्यापुढे आले, आणि त्यांनी पायानं सूप उडवलं.

जोंधळे अंगणभर झाले. कोंबड्या आधी पळाल्या आणि मग परत आल्या. हे उभे राहिले. त्यांचा जबडा आवळला होता, आणि बापलेकांत दोन पावलांचं अंतर होतं. मला वाटलं, आता हे हात उचलतील, नाही तर फाटकातून बाहेर पडतील आणि परत येणार नाहीत. मी माझं सूप बाजूला ठेवून उठले. बाई दारात उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

हे खाली बघत होते. मग सावकाश बसले. पालथं सूप सरळ केलं. आणि मातीतला एक दाणा उचलून त्यात टाकला. मग दुसरा.

बाई आल्या, कोंबड्या हाकलल्या आणि बसल्या. मीही बसले. मामंजी फाटकापर्यंत गेले. तिथे पाठ करून उभे राहिले. त्यांची पाठ मला अजून दिसते, बंडीवर घामाचा नकाशा. बऱ्याच वेळानं ते वळले. त्यांचे गुडघे दुखायचे, उकिडवं बसवत नसे. भिंतीला हात लावत लावत ते खाली बसले, पाय लांब केले, आणि हाताला येतील तेवढे दाणे वेचू लागले.

चौघंही वेचत होतो. ऊन पाठीवर आलं होतं. कोणाची नजर वर नव्हती, आणि म्हणूनच असेल, ह्यांना बोलता आलं.

"दादा," ते वडिलांना म्हणाले, "तिकडं लई भूक हुती."

मामंजींचा हात थांबला. बाई अगदी हळू म्हणाल्या, "येचा." मामंजी वेचू लागले आणि हे बोलत राहिले. तारेचं कुंपण, थंडी, पायांत गुंडाळलेल्या चिंध्या. शेजारी झोपणारा सोबती, कोल्हापूरकडचा, जो सकाळी उठलाच नाही. त्याच्या वाटणीचा पाव ह्यांनी खाल्ला, तो उठणार नाही हे कळल्यावर, पण कोणाला सांगायच्या आधी. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की भरून आला नाही. एकेक वाक्य, मध्ये एकेक दाणा. मामंजींच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं आणि ते तसेच वेचत होते. त्यांच्या बाजूला जमलेला मूठभर जोंधळा त्यांनी ह्यांच्या सुपात ओतला, आणि ओतताना हात थोडा वेळ सुपावरच ठेवला.

ते जोंधळे बाईंनी त्याच दुपारी दळले. किती निवडले तरी माती राहिलीच होती. दिवेलागणीला भाकरी झाली तेव्हा पहिल्याच घासाला दातांखाली कच आली. सगळ्यांच्याच आली. मामंजी सावकाश चावत होते. भाकरी संपल्यावर त्यांनी ताट माझ्यापुढे केलं आणि म्हणाले, "आनखी अर्धी वाढ, बाळा."

माघात जोंधळ्याची काढणी निघाली. हे गेले. पहिल्या दिवशी अर्धा वेळ, मग पुरा. बरे झाले, असं मी म्हणणार नाही. झाकण पडलं की ते म्हातारपणीही दचकायचे. पण एका जागी बसायला लागले, मुलांना मांडीवर घ्यायला लागले, आणि धान्य निवडायचं काम शेवटपर्यंत त्यांनी आमच्यापैकी कोणाला करू दिलं नाही. सुना आल्या, त्यांना संकोच वाटायचा. हे म्हणायचे, माझं काम हाय ते.

बाई पुष्कळ जगल्या. त्यांच्या शेवटच्या वर्षांत मी त्यांची वेणीफणी करायची. एकदा केसांना तेल लावता लावता मी विचारलं, की बाई, त्या दिवशी तुम्ही ह्यांच्यापुढे सूप ठेवलंत, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का, की ह्यांचं मन त्यात रमेल? माझ्यापुढे घमेलं ठेवलंत, तेव्हा ठाऊक होतं का? इतकी वर्षं मी तो प्रश्न जवळ बाळगला होता. मला वाटलं होतं, त्या आता काही तरी खोल सांगतील.

बाईंनी जरा विचार केला. केस माझ्या हातात होते म्हणून मान वळवता येत नव्हती.

"मला काय ठावं," त्या म्हणाल्या. "जोंधळं निवडायचं हुतं, न् मानूस रिकामं हुतं."